ढोबळी मिरची घरी आणल्यावर: खान्देशातल्या स्वयंपाकघरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला माझं डब्यांचं काम आहे. थंडीत आठवड्यातून दोनदा तरी डब्यात ढोबळी मिरची असते आणि संध्याकाळी रिकाम्या डब्यांबरोबर प्रश्नही परत येतात. ‘काकू, आमच्याकडे हीच भाजी पाणचट का होते?’ हा त्यातला कायमचा. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाचं लिहून ठेवते. पुण्यामुंबईकडे कुणी हिला भोपळी मिरची म्हणतं, आपल्या भाजीबाजारात ‘सिमला’ म्हटलं की काम होतं. मी ढोबळीच म्हणणार.

मिरची आहे, तर तिखट का लागत नाही?

आमच्या घरातल्या मोठ्या मायने पहिल्यांदा ही भाजी खाल्ली तेव्हा घास तोंडात घोळवत विचारलं होतं, “हाई मिरची शे? मंग तोंड काबर नही भाजस?” प्रश्न अगदी बरोबर होता. नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी लाल मिरची आणि ही ढोबळी, दोघी एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअम. तोंड भाजतं ते कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे. ते बनवायला लागणारा जनुक ढोबळीत निकामी असतो, म्हणून तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर ही शून्यावर बसते. आणि आपण खान्देशी लोक मिरचीचा एवढा तोरा मिरवतो, पण मिरची मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली.

स्वयंपाकाच्या दृष्टीने ध्यानात ठेवायचं ते वेगळंच. हिच्यात शंभर ग्रॅममागे ९२ ते ९४ ग्रॅम पाणी असतं. भाजी बिघडते ती पाण्यामुळे, फ्रिजमध्ये सडते ती पाण्यामुळे आणि सुरकुतते ती पाणी गेल्यामुळे.

हिरवी, पिवळी, लाल या वेगवेगळ्या जाती का?

हिरवी म्हणजे बहुतेक वेळा कच्ची. तीच झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहिली की वाणाप्रमाणे लाल, पिवळी किंवा केशरी होते. म्हणून हिरवी किंचित कडवट आणि रंगीत गोडसर लागते. रंगीत महाग असते त्याचंही कारण हेच. तेवढे दिवस झाड अडकून राहतं, ऊन आणि किडीपासून फळ सांभाळावं लागतं, आणि त्यासाठी पॉलीहाऊसचा खर्च येतो.

मी रोजच्या भाजीला हिरवीच घेते. काळ्या मसाल्यापुढे लाल ढोबळीचा गोडवा टिकत नाही, पैसे वाया. कोशिंबिरीला किंवा भाजून चटणीला मात्र लालच.

खाली चार उंचवटे असलेली मादी आणि तीनवाली नर, हे खरं का?

नाही. फळाला नर-मादी असं काही नसतं. प्रत्येक फळात बिया असतात. उंचवटे किती हे वाणावर आणि वाढीवर ठरतं. चार उंचवट्यांची ताटात नीट उभी राहते, म्हणून भरायला ती बरी. एवढाच काय तो फरक.

बाजारात निवडायची कशी?

हातात घेऊन जोखायची. आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. सालीवर चकाकी हवी, देठ हिरवा आणि ओला हवा. देठ काळपट, चिंबलेला असेल तर मिरची शिळी आहे, साल कितीही चमको. वरची कड दाबून बघा, बोट आत गेलं तर ठेवून द्या. देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढं किंवा जरा मोठं भोक दिसलं तर आत पाहुणी, म्हणजे अळी, असते.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा माल चांगला, जाड गराचा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, त्या उन्हात हे झाड फुलं गाळतं. तेव्हा मिळणारी मिरची लहान आणि पातळ सालीची असते, कधी एका अंगाला पांढरट कागदासारखा डाग असतो. तो उन्हाचा चटका. कोरडा असेल तर तेवढा भाग कापून बाकीची वापरा, बुरशी धरली असेल तर नको.

हिरवी आणून पिकत घातली तर लाल होईल का?

आपण जळगावकडचे, केळी पिकवणारी माणसं, म्हणून हा प्रश्न येतो. केळ्याचं तसं ढोबळीचं नाही. घड तोडल्यावरही केळं पिकतं, गोड होतं. ढोबळी तोडली की तिचं पिकणं जवळपास थांबतं. तोडतानाच अर्धी तांबूस झाली असेल तर रंग थोडा पुढे सरकेल, पण गोडी वाढणार नाही. पार हिरवी असेल ती पिकायची वाट बघताना सुरकुतून जाईल.

धुवायची कधी आणि कशी?

चिरायच्या आधी. आणल्या आणल्या धुवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. देठाभोवती खळगा असतो, त्यात पाणी साठतं आणि तिथूनच सड सुरू होते. धुताना नळाच्या वाहत्या पाण्याखाली, खळग्यात अंगठा फिरवून. साबण लावू नका. कीडनाशकाची धास्ती वाटत असेल तर खायच्या सोड्याच्या पातळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून परत स्वच्छ धुवा. सालीवरचं बरंचसं निघतं, आत मुरलेलं निघत नाही. आधी धुवायची आणि मग चिरायची, उलटं नाही.

चिरल्यावर आत अळी, काळं किंवा एक छोटी मिरची निघाली, तर?

तिन्हीची उत्तरं वेगळी. अळी म्हणजे बहुतेक घाटेअळी. हरभऱ्यावर येते तीच, कपाशीवर हिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो. ज्यांनी शेत केलंय त्यांना वेगळी ओळख करून द्यायला नको. घाण झालेला भाग मोठा कापून टाका, उरलेली धुवून शिजवली तर चालते. माझ्याकडे गिऱ्हाइकाचा डबा असतो म्हणून मी अख्खी फेकते.

आत काळी किंवा करडी लव दिसली तर ती बुरशी. कापून वाचवायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण टाका.

आणि छोटी मिरची निघाली तर ती खा. जुळ्या केळ्यासारखीच निसर्गाची लहर आहे ती, विषारी वगैरे काही नाही.

बिया काढायच्याच का?

काढाव्यात. खाल्ल्या म्हणून काही होत नाही, पण कडवट लागतात आणि दातात येतात. त्याहून कडू त्या पांढऱ्या शिरा. देठाकडची टोपी कापून मिरची उभी ठेवायची आणि चारही बाजूंचा गर सुरीने वरून खाली उतरवायचा, मधला बियांचा गोंडा अख्खाच्या अख्खा हातात उरतो. चिरताना सालीची बाजू खाली ठेवा. वरून चकचकीत सालीवर सुरी घसरते, बोट जातं.

भाजीला पाणी सुटून लगदा होतो. काय चुकतं?

या एका प्रश्नासाठीच हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या वर्षी चाळीस डब्यांची ऑर्डर होती. पाच किलो मिरची एकाच पातेल्यात घातली, सवयीने मीठ टाकलं, झाकण ठेवलं आणि पोळ्यांकडे वळले. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर भाजी तरंगत होती. रंग शेवाळासारखा, सालीची भेंडोळी वेगळी आणि गर वेगळा. वरून बेसन मारून सावरायला गेले तर पिठल्यात मिरची पडल्यासारखं झालं. त्या दिवशी डब्यात बटाटा गेला. आम्ही घरची सहा माणसं दोन दिवस ते पिठलं खात होतो.

चुका तीन होत्या. मीठ आधी पडलं, आणि मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. झाकण ठेवल्याने निघालेली वाफ परत खाली पडली. शिवाय भांड्यात गर्दी झाली. पातेल्याचा तळ एवढ्या मिरचीला पुरेना, मग ती परतली जाण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडली.

आता असं करते. लोखंडी कढई चांगली तापवायची, तेल घालायचं, मोहरी-जिरं तडतडलं की ठेचलेला लसूण. लसणाची कड तांबूस दिसली की चिरलेली मिरची, एका वेळी कढईच्या तळात एकच थर बसेल एवढी. आच मोठी, झाकण नाही. पहिलं मिनिटभर हलवायचंसुद्धा नाही. चर्र आवाज येत राहिला पाहिजे. तो बसका झाला की समजायचं, पाणी सुटलं. मग परतायचं, सालीवर इथे-तिथे तपकिरी ठिपके उठतात तोवर, साधारण चार-पाच मिनिटं. मीठ आणि मसाला गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी. मिरची दाताखाली किंचित कचकन वाजली पाहिजे. कढईच्या उष्णतेत ती पुढेही शिजत राहते, म्हणून लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

बटाटा घालायचा असेल तर तो आधी वेगळा परतून शिजवून घ्या. दोघांना एकदम टाकलं तर बटाटा होईपर्यंत मिरचीचं भरीत होतं.

पीठ पेरून करताना गोळे होतात, पीठ कच्चं लागतं. उपाय?

बेसन आधी कोरडं भाजा. मंद आचेवर खमंग वास सुटून रंग बदामी होईपर्यंत, आठ-दहा मिनिटं. बाजूला काढून गार करा. कच्चं पीठ ओल्या भाजीवर पडलं की बाहेरून चिकट होतं आणि आतून कोरडं राहतं, गोळे त्याचेच. पाव किलो मिरचीला तीन मोठे चमचे पीठ पुरे. मिरची परतून झाली की मीठ, हळद, तिखट, धण्याची पूड, मग पीठ चाळणीतून भुरभुरायचं. उलथन्याने खालवर करून दोन मिनिटं वाफ, आणि या भाजीत झाकण चालतं ते इथेच. फार कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका हाताने मारा, वाटीने ओतू नका.

बेसनच पाहिजे असं नाही. आमच्याकडे कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, डब्यात असतंच. तेही भाजून घेतलं की छान लागतं, फक्त तेल थोडं जास्त मागतं. माझं मत विचाराल तर दाण्याचा कूट सगळ्यात उत्तम. जाडसर कूट, भरपूर लसूण आणि लाल तिखट. पीठ पेरायची कटकट नाही आणि भाकरीबरोबर चव कशी लागते ते सांगायला नको.

भरली ढोबळी फुटते, नाहीतर आत कच्ची राहते. काय करावं?

मिरची लहान घ्या, किलोत बारा-पंधरा बसतील अशी. भरल्या वांग्याचाच मसाला चालतो: दाण्याचा कूट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, मीठ, गूळ नखभर. पण वांगं मसाल्याचं तेल पिऊन घेतं तसं ढोबळी करत नाही. सालीतून आत काही मुरत नाही. म्हणून रिकाम्या मिरचीला आतून मीठ चोळा, दहा मिनिटं पालथी ठेवा, सुटलेलं पाणी निथळू द्या आणि मगच भरा. तोंडापर्यंत दाबून भरलं की फुटते, बोटाच्या पेराएवढी जागा सोडा. बटाट्याचं सारण असेल तर ते आधी पूर्ण शिजलेलं हवं. पसरट कढईत आडव्या ठेवून मध्यम आचेवर झाकून पंधरा-वीस मिनिटं, मधे दोनदा कूस बदलायची.

ढोबळीचं भरीत होतं का?

होतं, पण वांग्याच्या भरताशी तुलना करत बसू नका. बामणोदच्या, असोद्याच्या वांग्यात जो मऊ गर असतो तो हिच्यात नाही. हिचं भरीत पातळ आणि गोडसर होतं. लाल मिरच्या घ्या. शेतात असाल तर वांग्यासारख्याच तुराट्यांच्या जाळावर टाका, घरी गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून. साल सगळीकडून काळी पडली पाहिजे. घाबरून अर्धवट काढली तर नंतर साल सोलत नाही. काळी झाली की लगेच पातेल्यात घालून दहा मिनिटं झाकण ठेवायचं. आतल्या वाफेने साल सुटते, बोटांनी ओढली की निघून येते. नळाखाली धरू नका, धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. चार काळे कण राहिले तर राहू देत.

मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचायचे, वर हा गर. वरून तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. हिरव्या मिरच्या वांग्याच्या भरतापेक्षा दुप्पट घाला, नाहीतर गोडाचा शिरा खाल्ल्यासारखं वाटेल. ज्यांना सालीने पोट जड होतं, विशेषतः वयस्कर मंडळी, त्यांना ढोबळी अशी भाजून सोलूनच द्या.

शिजवल्यावर हिरवा रंग का जातो?

आच आणि आंबट. हिरव्या रंगद्रव्यातलं मॅग्नेशियम दोन्हींमुळे निघून जातं आणि शेवाळी रंग उरतो. चिंच, टोमॅटो, लिंबू शेवटी घाला. काहीजणी चिमूटभर सोडा टाकतात. रंग टिकतो, पण मिरचीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वही जातं.

शेवभाजीत किंवा वरण-बट्टीबरोबर चालेल का?

शेवभाजीत नको. रस्सा गोडावतो आणि जळगावची माणसं तोंडावर बोलतात. बट्टीबरोबर वांग्याचीच भाजी. मसाला खिचडीत मात्र चौकोनी तुकडे जरूर घाला.

कच्ची खाल्ली तर जास्त फायदा?

क जीवनसत्त्वापुरता हो, कारण ते उष्णतेने कमी होतं. कच्च्या हिरव्या ढोबळीत शंभर ग्रॅममागे साधारण ८० मिलिग्रॅम असतं, लालमध्ये १२५ च्या वर. संत्र्यात पन्नासच्या आसपास. हे जीवनसत्त्व वेगळं काढणारे हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना ते भरपूर प्रमाणात मिळालं ते त्यांच्या सेगेद गावच्या लाल मिरचीतूनच, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. भाकरीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला हे जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून कळण्याच्या भाकरीबरोबर कच्च्या ढोबळीची कोशिंबीर चांगली जोडी. बारीक चिरून, दही घालून, वर जिऱ्याची फोडणी.

फ्रिजमध्ये कुठे ठेवायची, किती दिवस टिकते?

कोरडी, न धुतलेली, कागदात गुंडाळून भाजीच्या खालच्या खणात. प्लॅस्टिकची पिशवी वापरलीच तर तिला चार-पाच भोकं पाडा. हिरवी दहा-बारा दिवस सहज जाते, लाल-पिवळी आठवडाभर. हिला ७ ते १० अंशांची थंडी मानवते. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ ठेवली तर गारठते. सालीवर खड्डे पडतात, बिया तपकिरी होतात आणि बाहेर काढली की दोन दिवसांत सडते. ‘फ्रिजमध्ये ठेवूनही खराब झाली’ अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा कप्पा कुठला ते विचारते.

चिरलेली असेल तर कोरड्या घट्ट डब्यात, तळाला कापडाचा तुकडा घालून, तीन-चार दिवस. बुळबुळीत लागली की टाका. फ्रिज नसेल तर माठाशेजारी ओलसर सुती कापडात गुंडाळून ठेवा, थंडीत चार दिवस राहते. मे महिन्यात आज आणली, आज संपवली.

सुरकुतली, पण सडली नाही. वापरू का?

हो. फक्त पाणी उडालंय. कोशिंबिरीला नको, परतायला उलट सोपी.

फ्रीजरमध्ये ठेवता येते का?

येते, आणि मटारासारखं उकळत्या पाण्यातून काढायची गरजही नाही. चिरून, कापडाने टिपून, ताटात मोकळी पसरून आधी गोठवायची, मग पिशवीत भरून हवा दाबून काढायची. थेट पिशवीत भरली तर एकच दगड होतो. आठ-दहा महिने टिकते. वापरताना वितळू न देता तशीच गरम कढईत. कचकचीतपणा राहत नाही, त्यामुळे खिचडी, पुलाव, रस्सा एवढ्यालाच.

अडचण आपल्याकडे विजेची. एका उन्हाळ्यात सात-आठ तास वीज नव्हती आणि माझ्या चार पिशव्यांचा रस्सा झाला. पूर्ण वितळून कोमट झालेली मिरची परत गोठवू नका. बर्फाचे खडे अजून हाताला लागत असतील तर चालतं.

बिबड्यांसारखी (आपले ज्वारीचे पापड) गच्चीवर वाळवता येईल का?

येईल, आणि आपल्या कोरड्या उन्हासारखं ऊन यासाठी दुसरीकडे शोधून मिळायचं नाही. पण अख्खी वाळत नाही, गर जाड असतो आणि आतून बुरसते. बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या करा, सुती कापडावर एक थर, वर दुसरं पातळ कापड. संध्याकाळी घरात आणायची. तीन-चार दिवसांत पट्टी वाकवली की कट्कन तुटली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ऊन हवं. किलोभर मिरचीची मूठ-दोन मुठी होते, तेव्हा मन खट्टू करून घेऊ नका. लाल ढोबळीची अशी पूड केली की रंगाला सुरेख आणि तिखट शून्य. लहान मुलांच्या वरणाला मी तीच घालते.

भाजलेली ढोबळी तेलात बुडवून बरणीत ठेवली तर लोणच्यासारखी टिकेल?

नाही, आणि इथे हयगय करू नका. मीठ आणि आंबट नसेल तर तेल काहीच टिकवत नाही, फक्त हवा बंद करतं. बिनहवेच्या, कमी आंबट जागेत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतू वाढतात, आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. तेलातली भाजलेली मिरची फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

लोणचं घालायचंच असेल तर मोहरीची डाळ, भरपूर मीठ आणि लिंबाचा रस घालून थोडंसं घाला, फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात खाऊन टाका. वर्षाच्या बरणीला कैरीच ठीक.

सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत राहील ना?

कूट किंवा पीठ पेरलेली कोरडी भाजी राहते. भाजी परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची आणि मगच झाकण लावायचं. गरम गरम भरली तर झाकणाला घाम सुटतो, तो परत भाजीत पडतो आणि बारापर्यंत वास बदलतो. ओलं खोबरं घातलेली किंवा दह्यातली भाजी मी होळीनंतर डब्यात देतच नाही. मे महिन्यात तर ढोबळीचीही सुट्टी असते. तेव्हा डब्यात पिठलं, दाण्याची चटणी आणि कांदा.